उत्तरं तपासायचा वेळ

४ फेब्रुवारी

आज इंग्रजीच्या क्लासला नाव घातलं. औषधांच्या दुकानावरची खोली, एकच पंखा, तोही नेमका शिकवणाऱ्या बाईंच्या डोक्यावर. मी दारात उभी राहिले तर आतले सगळे उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, मीच शिकवायला आले. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, परीक्षांचे पेपर काढले, तपासले, ते काही तोंडावरून पुसलं जात नाही. मी गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसले. शेजारी एक नर्स आहे, परदेशातल्या नोकरीसाठी परीक्षा देणारी. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही कशाला हा ताप लावून घेतलात?" म्हटलं, "लेकीच्या बाळंतपणाला जायचंय. तिथे दारातच परीक्षा आहे."

थट्टा नाही, खरंच आहे. जावईबापूंना मराठी कळत नाही. त्यांचं म्हणणं असं की त्यांच्या घरात फक्त इंग्रजी बोलतात, बाळाच्या कानावर एकच भाषा पडली पाहिजे. मी जरूर यावं, पण आधी मला बोललेलं कळलं पाहिजे. नाहीतर पोरीने बाळ सांभाळायचं की माझी दुभाषी म्हणून फिरायचं? कळायला लागलं की ते तिकीट पाठवतील. म्हणणं रास्त आहे. मला नियम सांगणारी माणसं आवडतात.

वाचता मला येतं, लिहिताही येतं. ऐकताना मात्र पालथ्या घड्यावर पाणी. क्लासमध्ये टेप लावतात. कुणी छत्री विकत घेतं, कुणी स्टेशनचा रस्ता विचारतं, मग ग्रंथालयाच्या वेळांबद्दल एक छोटं भाषण. शेवटी टेपमधली बाई सांगते, आता उत्तरं तपासा, आणि थोडा वेळ टेप नुसतीच गप्प फिरते. बाकीचे माना खाली घालून तपासतात. मी पेन खाली ठेवते. मुलांना मी "पेपर द्यायच्या आधी एकदा तपासा" म्हणून घसा कोरडा केला, पण ते मुलांसाठी होतं.

बाईंचा एक नवाच हट्ट आहे. म्हणतात, "पहिल्यांदा ऐकताना प्रश्न झाकून ठेवा." मी मनात हसले. आधी प्रश्न वाचावेत आणि मग उत्तरापुरतंच ऐकावं, हे पेपर काढणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको.

९ फेब्रुवारी

रविवारचा फोन. फोन जावईबापूंचा असतो आणि स्पीकरवर असतो, म्हणजे त्यांनाही गप्पांत राहता येतं. पोरगी इंग्रजीतच बोलते, माझ्यासाठी सोपं सोपं. लहानपणी हे तिला टकळी म्हणायचे, कारण तिच्या तोंडाची टकळी थांबायची नाही. आता विचारलं तेवढं उत्तर देते. संसार माणसाला पोक्त करतो म्हणतात, पण मला मेलीला जुनीच बरी वाटायची. कधी कधी शंका येते की हिलाच मी यायला नको आहे की काय. माझ्या इंग्रजीची लाज वाटत असेल.

मी तक्रार केली की क्लासच्या टेपा अगदीच पोरकट आहेत, रोज कोण छत्री घेतं? तर टकळी एकदम म्हणाली, मी तुला आमच्या घरातलं बोलणं रेकॉर्ड करून पाठवू का? रोजचं, खरं. खाली प्रश्न पण काढीन, तू काढायचीस तसे.  मग जावईबापू हसले, म्हणाले, चांगली कल्पना आहे, छोटी भाषणं मी देईन. मोठ्या मनाचा माणूस.

तिच्याकडे फोन नाही सध्या. जुना एक टॅब आहे, त्यावर रेकॉर्ड करायचं आणि संध्याकाळी ते घरी आल्यावर ऐकून, त्यांच्या फोनवरून मला पाठवायचं, असं ठरलं.

१४ फेब्रुवारी

पहिलं रेकॉर्डिंग आलं. सकाळचा नाश्ता. कप ठेवल्याचे आवाजसुद्धा येतात.

जावईबापू विचारतात, आज काय करणार? ती म्हणते, घरीच आहे. ते विचारतात, दिवसभर? ती म्हणते, हो, दिवसभर. ते म्हणतात, शहाणी मुलगी. मग ते निघतात, दार लागतं, किल्ली फिरते.

खाली लिहून पाठवलेले प्रश्न. बाई दिवसभर कुठे असेल? घरी. पुरुषाने जाताना खिशात काय टाकलं? किल्ली. उत्तरं लिहून त्याच फोनवर पाठवली, तिने तपासली, दोन्ही बरोबर. इतकं लख्ख कळलं की मी बसल्या जागी टाळी वाजवली. क्लासच्या टेपेतले लोक भराभर बोलतात, जावईबापू मात्र एकेक शब्द सुटा करून बोलतात, आणि एक गोष्ट दोनदा-तीनदा सांगतात. शिकवणारा असावा तर असा. कधी आवाज चढत नाही. आमच्या घरात ह्यांना मीठ मागायचं असलं तरी शेजारच्यांना कळतं.

किल्ली फिरल्यावर पुढे टेप बराच वेळ नुसतीच चालू होती. टकळीने परीक्षेसारखी उत्तरं तपासायला मोकळी जागा ठेवली आहे. नक्कल उत्तम. मी बंद केलं. आपली उत्तरं आपल्याला ठाऊक असतात.

२० फेब्रुवारी

आज भाषण आलं. विषय, आमच्या घराची पद्धत. बोलणारे अर्थात जावईबापू.

मी तीनदा ऐकलं आणि जवळजवळ सगळं कळलं. खिडक्या रस्त्याच्या बाजूला उघडायच्या नाहीत, धूळ येते. पाहुणे आले तर ते घरी असतानाच यावेत, म्हणजे आदरातिथ्य नीट होतं. बाजार तेच आणतात, तिला ओझं नको म्हणून. फोन एका घरात एक पुरे, दोन फोन म्हणजे दोन संसार. किल्ली एकाकडेच असावी, म्हणजे हरवत नाही. शेवटी म्हणाले, ज्या घरात नियम असतात त्या घरात भांडण नसतं.

मी ह्यांना सगळं मराठीत करून सांगितलं. हे पेपरमधलं शब्दकोडं सोडवत होते. पेन थांबलं. "आणि ती बाहेर कधी जाते?" मी म्हटलं, "भाषणात ते नाही." "पण जाते कधी?" "अहो, जे उताऱ्यात नाही ते विचारायचं नसतं." ह्यांना परीक्षेचं तंत्र कधीच कळलं नाही.

३ मार्च

रेकॉर्डिंगं येत असतात. कपड्यांच्या घड्यांबद्दल, भिंतीच्या रंगाबद्दल, बाळाच्या नावाबद्दल. नाव जावईबापूंनी ठरवलं आहे. प्रश्न होता, बाईला नाव आवडलं का? मी लिहिलं, हो, कारण ती म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. टकळीने त्या उत्तरापुढे खूण केली नाही, रेघ मारून सोडून दिलं. तपासणीत हलगर्जी! मी रविवारी झापणार आहे.

आज ह्यांना बळेबळे जवळ बसवून एक ऐकवलं. ह्यांना इंग्रजी येस-नोच्या पुढे येत नाही. मान खाली घालून ऐकलं आणि मध्येच उठून बाल्कनीत गेले. मी मागोमाग गेले तर झाडांना पाणी घालत होते. सकाळी घातलेलं होतं. म्हणाले, "आपलीच पोर आहे का गं ती?"

"म्हणजे काय?"

"ही बोलायच्या आधी थांबते. आपली टकळी कधी थांबली होती?"

मी म्हटलं, "परक्या भाषेत माणूस थांबतंच. मी नाही का थांबत?" खरं म्हणजे सासऱ्याला जावई कधी आवडत नाही, हे जगजाहीर आहे. तरी मला थोडं लागलं. संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांशी मोजकंच बोललो.

११ मार्च

आज मी चिडले आहे आणि ते लिहून ठेवते.

नवीन संवाद. टकळी म्हणते, माझे पाय सुजलेत, डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे ठिपके येतात, डॉक्टरकडे जाऊ या का? जावईबापू म्हणतात, पुढच्या आठवड्यात. ती म्हणते, आज नाही का जमणार? ते म्हणतात, पुढच्या आठवड्यात. तू काळजी फार करतेस. पुढच्या आठवड्यात. ती म्हणते, बरोबर आहे तुमचं. मी ठीक आहे. सगळं ठीक आहे.

प्रश्न असा, बाई डॉक्टरकडे कधी जाणार? अ, आज. ब, पुढच्या आठवड्यात. क, उताऱ्यावरून सांगता येत नाही. मी ब लिहिलं. माणसाने तीन वेळा स्वच्छ सांगितलं आहे. आणि माझी मुलगी, जिला मी अपूर्णांक शिकवले, ती मला चूक देते! म्हणे बरोबर उत्तर क.

गरोदरपणात पाय सुजतात, माझेही सुजले होते. पण पेपर तपासायचा तर नीट तपासावा.

१२ मार्च

मला राहवलं नाही, रविवार नसताना फोन केला. जावईबापूंनी उचलला आणि तिला दिला. मी तावातावाने बाजू मांडली, उत्तर ब, उताऱ्यात तीनदा आलंय.  मग ती इंग्रजीत म्हणाली, आई, पुन्हा ऐक. आणि वेळ दिलाय तो वापर, उत्तरं तपास.

बघा, गुरूची विद्या गुरूला! हे वाक्य माझंच आहे. ती गणित चुकली की मी उत्तर कधी सांगायची नाही. एवढंच म्हणायची, "उत्तर चुकलं. प्रश्न पुन्हा ऐक." रडायची, पाय आपटायची, पण पुन्हा ऐकायची आणि सोडवायची.

जावईबापू मध्येच म्हणाले, आईंची प्रगती चांगली आहे, पण अजून कच्च्या आहेत, हे उत्तर चुकायला नको होतं. तिकिटाचं पुढे बघू. त्यांच्या मतेही ब चूक की काय? विचारायचं राहिलं. पण ते हसत होते.

बाळंतपण मे महिन्यात आहे. असं कच्चं-पक्कं करत बसले तर मी पोचायची बाळाच्या मुंजीला. मला आज पहिल्यांदा भीती वाटली, की मी पास होणारच नाही.

१८ मार्च

क्लासमध्ये बाईंनी सांगितलं होतं, ज्याला जमेल त्याने खऱ्या बोलण्याचा नमुना आणावा. मी ऐटीत डॉक्टरवाला संवाद नेला. मनात असंही होतं की सगळ्यांसमोर उत्तर ब ठरवून घ्यावं.

लावला. सगळ्यांनी ऐकलं. बाईंनी माझा प्रश्न बाजूला ठेवला आणि स्वतःच एक विचारला, "यातल्या बाईंना कसं वाटतंय?" कुणी हात वर करेना. एरवी नुसता गोंगाट असतो. पुढच्या बाकावरचा एक ड्रायव्हर आहे, त्याने बाईंकडे न बघता सांगितलं, "मॅडम, बंद करा ते." बाईंनी बंद केलं आणि एकदम व्याकरण काढलं. मला अपमान वाटला. आपल्याकडे चांगलं काही आणलं की लोकांच्या पोटात दुखतं.

जिन्यात नर्सने गाठलं. "मावशी, ती कोण?"

"माझी लेक."

तिने मला कठड्याशी घेतलं. मग म्हणाली, "कितवा महिना?"

"सातवा."

"मावशी, घाबरवत नाही. पण डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे ठिपके, पाय सुजलेत, अशी बाई आमच्याकडे आली तर आम्ही तिला घरी पाठवत नाही. त्याच दिवशी दाखवायचं असतं. तिचा रक्तदाब बघितला का कुणी?"

"पुढच्या आठवड्यात म्हणालेत की."

"ते रेकॉर्डिंग कधीचं?"

मी दिवस सांगितला. पुढचा आठवडा येऊन ठेपला होता. ती माझा हात धरून म्हणाली, "एकही रेकॉर्डिंग पुसू नका. एकही."

१९ मार्च

फोन केला. जावईबापूंना विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? माझं इंग्रजी तुटकं, पण एवढं मला येतं. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात. मी म्हटलं, पुढचा आठवडा म्हणजे हाच ना? त्यावर सावकाश, सुटं सुटं करून म्हणाले, आई, तुम्हाला नीट ऐकू आलं नाही. पुढच्या आठवड्यात.

टकळीशी बोलायचं म्हटलं तर झोपली आहे म्हणाले. मागे नळ वाहत होता. कुणीतरी भांडी घासत होतं. त्यांच्या घरात दोघंच आहेत.

मला जेवण गेलं नाही.

२१ मार्च

सकाळी हे बाजारात गेल्यावर दार लावून बसले. प्रश्नांचे कागद उलटे ठेवले, बाई म्हणतात तसे. पहिलं रेकॉर्डिंग लावलं, नाश्त्याचं. काही शोधायचं नाही, नुसतं ऐकायचं, असं स्वतःला बजावलं. एवढं सोपं काम मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं आणि एवढं अवघडही.

ते निघाले. दार लागलं. किल्ली फिरली. पावलं लांब गेली. किल्ली फिरली ती बाहेरून. घरात बाई आहे आणि कुलूप बाहेरून आहे. हा आवाज मी कितीदा ऐकला असेल आणि त्याला "किल्ली" एवढं उत्तर लिहून दोन मार्क घेतले.

इथे मी दर वेळी बंद करायची. आज केलं नाही.

आधी काहीच नाही. मग दाराची मूठ हलल्याचा आवाज. थांबली. पुन्हा हलली. मग खुर्ची ओढली. आणि मग अगदी बारीक आवाजात, ओठांतल्या ओठांत, मराठीत, "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न..."

लहानपणी तिला अंधाराची भीती वाटायची. मीच सांगितलं होतं, भीती वाटली की सतराचा पाढा म्हण, तो अवघड आहे, भीतीला जागा उरत नाही. दुसरं रेकॉर्डिंग लावलं. शेवटी मूठ, खुर्ची, पाढा. तिसरं. रंगाचं, नावाचं, घड्यांचं. प्रत्येकाच्या मागे ती बसून पाढा म्हणते आहे. डॉक्टरवाल्यात पाढा मध्येच चुकतो. सतरा साते एकशे एकोणीसच्या पुढे ती जात नाही, पुन्हा एकपासून सुरू करते, पुन्हा तिथेच अडते. माझी पोर सतराच्या पाढ्यात कधी चुकली नव्हती.

जावईबापूंना वाटत असेल, टेपेची रिकामी जागा आहे. आपलं बोलणं झालं की तेही माझ्यासारखेच पुढे ऐकत नसतील. आम्ही दोघंही सारखेच परीक्षक निघालो. ती महिनाभर मला पेपर देते आहे आणि मी तिच्या नवऱ्याच्या उच्चारांना पैकीच्या पैकी देते आहे.

हे आले तेव्हा पिशवी दारात ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मी काही सांगितलं नाही, पाढा ऐकवला. पाढा मराठीत आहे. त्यांना सगळं कळलं. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "आता काय करायचं ते तू सांग. मी करतो."

२२ मार्च

क्लास सुटेपर्यंत मला धीर नव्हता. नर्सला आणि बाईंना मधूनच बाहेर बोलावलं. बाईंनी रेकॉर्डिंगं ऐकली, मान हलवत. "काकू, मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं," म्हणाल्या. मी म्हटलं, "ते नंतर. आधी फोन."

टकळीच्या शहरात बायकांना मदत करणारी एक संस्था आहे, बाईंनी शोधून काढली. बाई बोलल्या, मी शेजारी बसून ऐकलं. पलीकडच्या बाईंचं भराभर बोलणं मला निम्मं कळलं, पण एवढं कळलं की त्या हसल्या नाहीत आणि पुढच्या आठवड्यात म्हणाल्या नाहीत. मी मागे पाठवलेल्या बाळंतविड्याच्या पार्सलवरचा पत्ता दिला. नर्सने आजाराचं सांगितलं. त्या बाईंचं म्हणणं, जावईबापू घरी असताना जावं लागेल, किल्ली त्यांच्याकडे आहे. सोबत पोलीस असतील. बेल वाजली की ते दार उघडतीलच असं नाही, आणि मुलगी घरात आहे हेही आधी नक्की व्हायला हवं. मी त्याच वेळी फोन करून त्यांना बोलत ठेवायचं, तिलाही फोनवर बोलवायचं, स्पीकर चालू राहील असं बघायचं.

आणि एक गोष्ट संस्थेतल्या बाईंनी दोनदा सांगितली, म्हणून मला पुरती कळली. विचारल्यावर ती "मी ठीक आहे" म्हणाली, तर आमचे हात बांधले जातात. बऱ्याच जणी तसंच म्हणतात.

घरी आल्यावर मी डॉक्टरवालं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. त्यात तिचं शेवटचं वाक्य तेच आहे.

२४ मार्च

कालचं आज सकाळी लिहिते आहे. 

ठरल्या वेळी फोन लावला. हे शेजारी बसले होते, क्लासच्या बाई आणि नर्स समोर. जावईबापूंनी उचलला. मी म्हटलं, अभ्यासात अडचण आहे, घराच्या पद्धतीवरचं भाषण समजलं नाही, पुन्हा सांगाल का? खूश झाले. सांगू लागले, खिडक्या, पाहुणे, बाजार. मी म्हटलं, सॉरी, समजलं नाही, पुन्हा एकदा. पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश. मी म्हटलं, फोनचं काय म्हणालात? किल्लीचं काय? मी म्हातारी बाई, डोक्यात शिरत नाही. सबंध नोकरीत माझ्यासमोर असा ढ विद्यार्थी बसला नव्हता, पण नक्कल मला चांगली जमली. मग म्हटलं, टकळीला बोलवा ना, ती समजावेल.

ती आली. "हॅलो मदर." आवाज दमलेला होता. एका वाक्यात दोनदा श्वास घेतला. नर्सने माझ्या मनगटावर बोट ठेवलं आणि मान हलवली.

तेवढ्यात तिकडे बेल वाजली.

 बेल पुन्हा वाजली. मग दार ठोठावलं, मोठ्याने, आणि बाहेरून कुणी पुरुष आपण पोलीस असल्याचं सांगत होता. जावईबापू तिला म्हणाले, तू बस. शांतपणे, सुटं सुटं. किल्ली फिरली. दार उघडलं. बोलणी भराभर सुरू झाली, त्यातलं मला काही धरता येईना. माझे कान पुन्हा पालथा घडा झाले. फक्त त्यांचंच बोलणं कळत होतं, नेहमीसारखं स्वच्छ. माझी बायको आराम करते आहे. फोनवर तिची आई आहे. त्यांना इंग्रजी समजत नाही. सगळं ठीक आहे.

मग एका बाईचा आवाज जवळ आला. तिने टकळीला विचारलं, तुम्ही ठीक आहात का?

आणि माझी मुलगी म्हणाली, हो. मी ठीक आहे. सगळं ठीक आहे.

हे माझ्याकडे बघत होते. क्लासच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. मी काय करावं याचा मी विचार केलेला नव्हता. मी फोन तोंडाशी धरला आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज काढला, मराठीत.

"टकळे, उत्तर चुकलं. प्रश्न पुन्हा ऐक."

 जावईबापूंनी विचारलं, काय म्हणाल्या त्या? पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला आणि पहिल्यांदाच शब्द एकमेकांत अडकले. त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. त्या बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी सावकाश.

मग टेपेसारखी ती शांतता. उत्तरं तपासायचा वेळ. मी आयुष्यात पहिल्यांदा तो पुरता थांबले.

"नाही," ती म्हणाली. आधी मराठीत, मग इंग्रजीत.

त्यानंतर पुष्कळ आवाज झाले. खुर्ची पडली, पावलं, कुणीतरी स्ट्रेचर म्हणालं, तो शब्द नर्सने ओळखला. जावईबापूंचा आवाज लांब कुठेतरी गेला. टकळीचा पुन्हा आला नाही. बाळाचं काय, तिचं काय, ते अजून कळलेलं नाही. त्या संस्थेतल्या बाई फोन करणार आहेत. ह्यांनी बॅग काढून दारात ठेवली आहे आणि त्यांनी इंग्रजीतलं पहिलं वाक्य पाठ केलं आहे, मी मुलीचा बाप आहे.

तिकडचा फोन कुणी बंद केला नव्हता. घर रिकामं झालं तरी चालू होता. आम्ही दोघं तो कानाशी धरून बसलो होतो, आपणहून तुटेपर्यंत.